लहानू विधातेचं दसऱ्याचं कुलूप

लहानू विधाते नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात अकरा वर्षं लेथवर उभा होता. उभा म्हणजे उभाच. त्या खात्यात स्टूल नव्हतं. घर मखमलाबादला. मागच्या वावरात बाप आणि भाऊ झेंडू, कोथिंबीर करायचे. लहानूचं मन मातीत रमलं नाही, लोखंडात रमलं.

त्र्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं. जुने कारागीर त्याच्याकडे पाहुण्यासारखं बघायचे. लहानूने त्याचं इंग्रजी पुस्तक घरी आणलं, शेजारी डिक्शनरी ठेवली आणि सात महिन्यांत ते संपवलं. पुढे त्याच नादाने एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि सत्त्याण्णव साली स्वतःचा प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं सेतू.

सेतूचं काम सरळ होतं. टूल कुठं न्यायचं, किती कापायचं, हे अशा मशीनला आकड्यांत सांगावं लागतं. छोट्या कारखान्यांत ऑपरेटर ते आकडे बटणं दाबून एकेक भरायचा. तास जायचा, आणि एक आकडा चुकला की जॉब भंगारात. सेतू तेच आकडे कॉम्प्युटरमधून केबलने मशीनला पाठवायचा. सातपूर आणि अंबड मिळून चौदा कारखान्यांनी तो घेतला. लहानूने नोकरी सोडली. पत्र्याच्या पाटीवर स्वतःच्या नावाखाली 'प्रोग्रामर' असं रंगवून घेतलं.

आता कारागिरांची एक रीत सांगितली पाहिजे. खात्यातल्या प्रत्येक चांगल्या कारागिराची एक डायरी असते. कोणत्या धातूला कोणता वेग, कोणतं टूल किती घासून लावायचं, सगळं त्यात. ती तो कुलपात ठेवतो, आणि निवृत्त होतो तेव्हा घरी घेऊन जातो. सख्ख्या भावाला दाखवत नाही. लहानू त्याच रीतीत वाढलेला. म्हणून त्याने सेतूलाही कुलूप घातलं. दर दसऱ्याला सेतू थांबायचा आणि एक नंबर मागायचा. तो नंबर फक्त लहानूकडे.

हे पैशासाठी नव्हतं. दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा असते. लहानू घरच्या झेंडूच्या माळा घेऊन चौदाही ठिकाणी जायचा. माळ घालायची, नारळ फुटला की कॉम्प्युटरपुढे बसायचं, नंबर टाकायचा. त्या दिवशी चौदा मालक त्याच्यासाठी खुर्ची ओढायचे. अकरा वर्षं उभं राहिलेल्या माणसाला खुर्चीची किंमत कळते.

बाकीच्या जगावर मात्र त्याचा राग होता. नव्व्याण्णव साली कॉम्प्युटरमधल्या तारखांत वर्षाचे दोन आकडे चार करायला पोरं अमेरिकेला गेली, तेव्हा तो चहाच्या टपरीवर म्हणाला होता, "दोन आकडे वाढवायला विमानाचं तिकीट! मी आख्खं मशीन चालवतो, मला सिटी बसमध्ये जागा मिळत नाही." पुण्याच्या कंपन्या, परदेशी कंपन्या, कॉम्प्युटरची खोकी विकणारे, कॉम्प्युटर क्लासवाले, कुणालाही त्याने सोडलं नाही. हात काळे न करणारा प्रोग्रामर त्याच्या लेखी प्रोग्रामर नव्हता.

मग समाधान पगारे आला.

समाधान नाशिकरोडच्या पगारे गुरुजींचा मुलगा. इंजिनीअर. पुण्याची नोकरी सोडून दोन हजार साली परत आला. त्यानेही मशीनला आकडे पाठवणारा प्रोग्राम लिहिला, लिनक्स नावाच्या फुकट सिस्टीमवर. आणि तो इंटरनेटवर टाकून दिला. फुकट. नुसता प्रोग्राम नव्हे, त्याचा सगळा कोडही. कुणीही वाचावा, बदलावा, वापरावा.

लहानूला हे समजेना. समजलं तेव्हा झोंबलं.

"डायरी चौकात टांगली त्याने," तो बायकोला म्हणाला. "फुकट कोण देतं माहितीय? ज्याच्या बापाला पेन्शन आहे तो. हे ओपन सोर्स म्हणजे भरल्या पोटाचा खेळ. माळ्याने झेंडू फुकट वाटला तर बाकीच्या माळ्यांनी काय खायचं?"

मालनबाई शेंगा निवडत होत्या. "वाटतो तर वाटू द्या. तुमची फुलं चांगली असली तर तुमच्याकडे येतील."

"तुला यातलं काय कळतं?"

"फुलांतलं कळतं."

ते साल दोन हजार एक. सप्टेंबरात सासुरवाडीहून निरोप आला. धोंड्याचा महिना लागला होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं, वाण द्यायचं, ही सगळीकडची चाल. लहानू आणि मालनबाई सटाण्याला गेले. सासू ठमाबाईंनी पुरणाचे धोंडे केले, तुपात बुडवले, तेहतीस अनारसे ताटात मांडले. लहानूने तिसरा धोंडा तोंडात घातला आणि शेजारच्या दुकानातून मेहुणा पळत आला.

"दाजी, तुमना फोन शे!"

फोनवर सुवर्णाताई बोरस्ते होत्या. अंबडला त्यांचा कारखाना; नवरा गेल्यापासून त्याच चालवायच्या.

"लहानूभाऊ, सेतू नंबर मागतोय."

"आज? ताई, दसऱ्याला महिना आहे अजून."

"ते मला नका सांगू, त्याला सांगा. पंपाच्या शाफ्टची गाडी संध्याकाळी निघायचीय. अर्धा जॉब मशीनवर अडकलाय."

लहानू रिसीव्हर धरून उभा राहिला. मग त्याने बोटांवर वर्षं मोजली. दसऱ्याच्या पुढच्या तारखा त्याने सत्त्याण्णव सालीच प्रोग्राममध्ये घालून ठेवल्या होत्या. दरवर्षी दसरा दहा-अकरा दिवस अलीकडे, आणि अधिक महिन्याच्या वर्षी पुन्हा पलीकडे. शहाण्णवला अधिक होता, पुढचा नव्व्याण्णवला, म्हणजे त्याच्या हिशोबाने नंतरचा दोन हजार दोनला. पंचांग त्याने उघडलंच नाही. अधिक आला एक वर्ष आधी. सेतूच्या मते आज दसरा होता, चौदाही ठिकाणी.

नंबरांचा कागद मखमलाबादच्या घरी, पेटीत. पेटीची किल्ली त्याच्या करगोट्याला.

मालनबाई पिशवी भरताना एवढंच म्हणाल्या, "ज्या महिन्याचे धोंडे खायला आलात, तोच विसरलात?"

एसटीने नाशिक गाठायला तीन तास लागले. घर, पेटी, कागद, रिक्षा, अंबड. कारखान्याच्या दारात आला तेव्हा मशीन चालू होतं. कापलं जाणारं लोखंड ऐकूनच त्याला कळलं. आत कॉम्प्युटरपुढे समाधान बसला होता. ऑपरेटर काळू त्याच्या गल्लीतला. त्यानेच बोलावून आणलं होतं.

समाधान उठला. "या काका, बसा." आणि त्याने खुर्ची पुढे केली.

लहानू बसला नाही. "नंबर आणलाय मी," तो म्हणाला.

"आता कशाला?" सुवर्णाताई म्हणाल्या. "गाडी गेली भरून. रागावू नका भाऊ, पण माझ्या कारखान्याची किल्ली तुमच्या कमरेला, हे मला आज कळलं."

दिवाळीपर्यंत चौदापैकी दहा कारखान्यांनी सेतू काढून टाकला. तिघे थांबले होते. ते म्हणायचे, सुवर्णाताई करतील ते आम्ही करू. ताईंच्या नव्या मशीनवर समाधानचा प्रोग्राम बसलाच होता. एक जुनं मशीन तेवढं सेतूवर राहिलं होतं, कारण त्याची केबल समाधानला अजून मिळाली नव्हती. म्हणजे चार वर्षांची मेहनत आता त्या एका जुन्या मशीनवर टिकून होती.

लहानूने द्वारका चौकातल्या सायबर कॅफेतून समाधानचा सगळा कोड छापून आणला. बेचाळीस पानं. चूक काढायचीच, या एकाच हेतूने तो रोज सकाळी पडवीत बसायचा. पहिल्या दिवशी चूक सापडली नाही. चौथ्या दिवशीही नाही. उलट एक वाईट गोष्ट कळत गेली. काम स्वच्छ होतं. जिथे लहानूने पन्नास ओळी खर्चल्या तिथे याच्या बारा. प्रत्येक तुकड्यावर तो कशासाठी आहे ते लिहिलेलं. शेवटी नावांची यादी: कुणी कुठली चूक दाखवली, कुणी काय सुधारलं. पोलंडचा कुणी, ब्राझीलचा कुणी, एक कोइमतूरचा. भरल्या पोटी केलेलं काम असं नसतं, हे कारागिराच्या नजरेला दिसत होतं, आणि म्हणूनच ते सहन होत नव्हतं. वाईट कामाचा राग येतो. चांगल्या कामाने माणूस जळतो.

आठवड्याने, एकतिसाव्या पानावर, सापडली.

जुनं मशीन कमी आठवणीचं असतं. आकडे भराभर आले की ते 'थांब' म्हणतं. पण 'थांब' ऐकूनही कॉम्प्युटरच्या पोटात आधीच भरलेली सोळा अक्षरं बाहेर पडतातच. नवं मशीन ती झेलतं. जुनं सांडून टाकतं. समाधानकडे जुनं मशीन नव्हतं, त्याला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. लहानूला हे कळायला सत्त्याण्णव साली चार महिने आणि तीन मोडलेली टूल लागली होती.

त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला. मालनबाईंनी विचारलं, तेव्हा सांगितलं.

"मग कळवलं का त्या पोराला?"

"मी का कळवू? कोड चौकात टांगलाय ना, वाचेल कुणीतरी पोलंडवाला."

"आणि टूल मोडलं तर?"

"मोडू दे की. मग ताईंना कळेल फुकटाचा भाव."

मालनबाईंनी ताट उचललं.

आठ दिवसांनी केबल आली. सोमवारी जुनं मशीन समाधानच्या प्रोग्रामवर जाणार होतं. लहानू सकाळीच अंबडला हजर. "बघायला आलो," म्हणाला. एक टूल मोडेल, ताई कपाळाला हात लावतील, मग आपण बोलायचं, एवढं त्याने मनाशी जुळवलं होतं.

काळूने जॉब बांधला. समाधानने आकडे सोडले. पहिले दोन फेरे चोख. त्या मशीनच्या दाराची काच कधीच गेलेली. तिसऱ्या फेऱ्याला काळू सवयीप्रमाणे वाकून आत पाहू लागला. त्याचं तोंड टूलपासून हातभर. लहानूची नजर मशीनच्या पडद्यावर होती, एक हात लाल बटणावर. ड्रॉइंगमध्ये एकशे वीस पूर्णांक पाच होतं. पडद्यावर बारा पूर्णांक पाच आलं. एक शून्य सांडलं होतं.

लहानूने काळूची कॉलर धरून त्याला मागे ओढलं आणि दुसऱ्या हाताने लाल बटण दाबलं. मशीन हिसका देऊन थांबलं. टूल जॉबपासून दोन बोटांवर होतं.

"काय काका, शर्ट फाडता का!" काळू ओरडला. मग त्याने आत पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला.

समाधान पडद्यापाशी आला. आकडा वाचला. ड्रॉइंग पाहिलं. "काका, तुम्ही हे नुसतं आकड्यावरून ओळखलं नाही. तुमचा हात आधीच बटणावर होता."

"हो."

"कधीपासून माहीत होतं?"

"आठ दिवस."

"आठ दिवस," समाधान म्हणाला. सुवर्णाताई पुढे आल्या. "काळूला दोन लेकरं आहेत, लहानूभाऊ. तुमच्या त्या कुलपापेक्षा हे वाईट." लहानूने मान वर केली नाही. अकरा वर्षांत त्याने कुणाच्या हाताला खरचटूसुद्धा दिलं नव्हतं.

मग त्याने सोळा अक्षरांची गोष्ट सांगितली. समाधानने मध्ये दोनच प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. कीबोर्ड पुढे ओढला आणि दोन ओळी लिहिल्या. चहा यायच्या आत मशीन पुन्हा चालू. जॉब पूर्ण झाला. लहानूने स्वतः मापला. मिलिमीटरचा शंभरावा भागही इकडेतिकडे नव्हता.

चार महिने, तीन टूल. इथं दोन ओळी, अर्धा कप चहा. लहानू असा जळला की पूर्वीचा सगळा जळफळाट त्यापुढे लुटुपुटीचा वाटावा.

"आता कुठला ठेवू?" ताईंनी विचारलं. विचारलं लहानूलाच.

खोटं बोलायला जागा होती. मापलेला जॉब हातात असताना त्याला ते जमलं नाही. "त्याचा ठेवा," तो म्हणाला. आणि सेतू त्याने स्वतः काढला. उरलेल्या तिघांकडचाही त्याच आठवड्यात काढला.

निघताना समाधान म्हणाला, "काका, सेतूचा कोड द्याल का वाचायला? जुन्या मशीनचं तुम्हाला कळतं तेवढं आमच्यात कुणालाच कळत नाही."

"नाही," लहानू म्हणाला. तो कोड त्याने पुढेही कुणाला दिला नाही.

महिन्याभराने तो सायबर कॅफेत गेला. इंटरनेटवर त्या प्रोग्रामच्या नावांच्या यादीत स्वतःचं नाव शोधलं. होतं: लहानू विधाते, नाशिक. पुढे एका ओळीत त्याने कुठली चूक शोधली ते. त्याने ते तीन वेळा वाचलं. मग वरची नावं मोजली. ज्याचं काम जास्त त्याचं नाव वर, अशी ती यादी होती. त्याच्या वर सहा जण.

"हा पोलंडवाला कोण?" त्याने कॅफेच्या पोराला विचारलं. "याने असं काय मोठं केलंय?" आणि पोलंडवाल्याने केलेलं सगळं छापून घरी आणलं.

अंबडमधल्या ज्या जुन्या मशीनला कुणी हात लावत नसे, ते आता लहानू शोधून काढू लागला. घरी लिनक्स घातलं. चुका शोधायचा, दुरुस्त करायचा, पाठवायचा. समाधान त्या दुरुस्त्या कधी तशाच घ्यायचा, कधी अर्ध्या ओळींत बसवून परत पाठवायचा. ते परत आलेलं वाचताना लहानूचा दिवस वाईट जायचा. पोटासाठी तो कारखान्यांची केबलची, दुरुस्तीची कामं करत होता. फुकट कामाबद्दलचं मत त्याने बदललं नाही. विचारलं की अजूनही सांगायचा, भरल्या पोटाचा खेळ आहे.

दोन हजार तीनला पोलंडवाला मागे पडला. पाचला ब्राझीलवाला. दोन हजार सहाच्या मार्चमध्ये त्याने मालनबाईंना सायबर कॅफेत नेलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. दुसरं नाव.

मालनबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी बोटाच्या वरची ओळ पाहिली. "आणि हे वर कुणाचं?"

"पगारेच्या पोराचंच," लहानू म्हणाला, आणि चष्मा पुसू लागला.