आईची फी

काल मयूर विहारमधल्या स्टेशनरीच्या दुकानात कुणीतरी डिंकाची बाटली उघडली, आणि त्या आंबूस वासानं मी थेट कॉलेजातल्या फीच्या खिडकीपाशी जाऊन पोचले.

लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा माझं बी.ए. अर्धवट राहिलं होतं. पुढे ह्यांच्या सरकारी पगारात दोन्ही मुलांच्या फिया भरायच्या, म्हणून माझा फॉर्म दरवर्षी राहून जायचा. मुलांना आईवडिलांनीच शिकवायचं, यात आम्हाला कधी शंका नव्हती. थोरल्या नंदाला नोकरी लागली आणि पहिल्याच पगारात ती माझ्यासाठी फॉर्म घेऊन आली.

"अगं, आईची फी कधी मुलगी भरते का?" मी म्हणाले.

"माझी तू भरलीस, तेव्हा मी विचारलं होतं?" असं म्हणत तिनं माझा फोटो डिंकानं चिकटवला आणि खाली स्वतःची सही ठोकली.

रांगेत सगळी माझ्या धाकट्याच्या वयाची मुलं. मी पदर सावरत नंदाच्या मागे लपत होते. खिडकीतल्या बाबूनं फॉर्म पाहून चष्मा वर केला. "गार्जियन की जगह बेटी के साइन?"

"बिल्कुल," नंदा म्हणाली. "फीस मैं दे रही हूँ, तो गार्जियन भी मैं."

मागची मुलं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता, बी.ए. होऊन इतकी वर्षं लोटल्यावर, आठवलं की मीच हसते. तेव्हा बाबूही हसला. शिक्का मारून त्यानं पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "माताजी, मन लगाकर पढ़िएगा. गार्जियन बड़ी सख़्त हैं."