सी-सतराची बाई

आईला त्यांनी कॉलनीच्या मोठ्या गेटपाशी उभं केलं होतं. पायात चप्पल नाही. लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, हात राखेने काळे. तिची टोपली उपडी करून ठेवली होती आणि मोहफुलं रस्त्यावरच्या फरशीवर सांडली होती. सकाळी फिरायला निघालेली माणसं फुलांना वळसा घालून पुढे जात होती. दोघी-तिघींनी नाकाला पदर लावला होता.

सोसायटीचे सेक्रेटरी ट्रॅकसूट घालून मध्यभागी उभे. गोंदियात त्यांचा टाइल्सचा मोठा धंदा आहे. त्यांनीच आईचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'यह किसके घर की बाई है?' तो फोटो पाहून मी धावत आले होते. धावताना मनात ठरवलं होतं, चांगलं सुनवायचं. गेटपर्यंत पोचेस्तोवर सगळं अवसान गळालं.

"आइए सिस्टर," ते म्हणाले. "देखिए, ये गोंडनें जहाँ बैठीं, वहाँ भट्टी लगाती हैं. पूरा लॉन जला दिया. बोलती है सी-सत्रह में रहती है. आपके यहाँ काम करती है क्या?"

आई माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती. पोरगी आली, आता ती सांगेल, असं तिच्या तोंडावर होतं.

मी म्हणाले, "हाँ."

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. माझ्या हाताने बाळंतपणं झालीत, माझ्या हातात माणसं गेलीत. दारू पिऊन वॉर्डात शिरलेल्याला मी एकटीने बाहेर काढलंय. आणि त्या सकाळी मी एका टाइलवाल्याला घाबरले. माझ्या जन्मदात्या आईला मोलकरीण म्हणाले. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याच्या तोंडावर थुंकले असते.

"तो इसका पास बनवा लीजिए," सेक्रेटरी म्हणाले. "बिना पास के बाई लोग मेन गेट पे अलाउड नहीं है."

मी मान हलवली. आईने खाली बसून फुलं गोळा करायला हात घातला, तर ते म्हणाले, "रहने दो, स्वीपर उठा लेगा." आई उठली. घरापर्यंत ती माझ्या चार पावलं मागे चालत आली. आधी मला वाटलं, दुखऱ्या गुडघ्यामुळे.

आता ही कॉलनी काय आहे ते सांगते. शहराबाहेर, जिथे पूर्वी धानाच्या बांध्या होत्या, तिथे नकाशा काढून वसवलेली. एका मापाचे प्लॉट, एका रंगाच्या भिंती, ठरावीक अंतरावर लावलेली झाडं. समोरच्या गॅलरीत कपडे वाळवायचे नाहीत. गच्चीवर पापड-कुरड्या घालायच्या नाहीत. कुत्र्याला फिरवायचीसुद्धा वेळ ठरलेली. कामवाल्या बायांना मागचं गेट, तिथे रजिस्टर, गळ्यात पास. बागेतल्या बाकांवर त्यांनी बसायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नाही, पण कुणी बसत नाही. कॉलनीचं नाव इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ हिरवं रान असा काहीतरी होतो.

मला हे सगळं आवडलं होतं. खोटं कशाला बोलू? केशोरीच्या पलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. रात्री बाहेर जायचं तर हातात काठी घ्यावी लागते. मी त्यातून निघाले, शिकले, आणि सरळ रस्त्याच्या, दिव्यांच्या कॉलनीत घर घेतलं. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात, महिन्यातून दोनदा येतो. शेजारणींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तुम्ही कोण लोक?" मी म्हणाले, "आम्ही केशोरीकडचे." विचारली होती जात, मी सांगितलं गाव. त्यांनी आपल्या मनाने काय ते धरलं आणि मी ते धरू दिलं. कुणाचं बीपी वाढलं, कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं की सिस्टरला हाक. मी जायचे. आपण यांच्यातले झालो, या खुळ्या समाधानात माझी तीन वर्षं गेली.

बाबा गेल्यावर आईला मीच हट्टाने आणलं. ती नको म्हणत होती. मी म्हणाले, माझं घर ते तुझंच घर.

बागेत एक मोह आहे. बिल्डरने तोडला नाही, भोवती गोल ओटा बांधला आणि खाली लॉन लावलं. चैतात त्याला फुलं आली. आईला वास आला आणि तिला राहवलं नाही. आमच्याकडे मोह टपकायला लागायच्या आधी झाडाखालचा पाला झाडून पेटवून देतात. जमीन साफ झाली की पहाटे पडलेली फुलं दिसतात, मातीत हरवत नाहीत. शेकडो वर्षं आमच्या बायकांनी हेच केलं. आईनेही संध्याकाळी पाला गोळा केला आणि रात्री सगळं सामसूम झाल्यावर काडी लावली. लॉन उन्हाने वाळलं होतं. ती त्याला गवत समजली. वाळलेलं गवत जळालं तर त्यात वाईट काय, पावसाळ्यात पुन्हा येतं. कुणीतरी विकत आणून जमिनीवर अंथरलेलं गवत असतं, हे तिला कुणी सांगितलं होतं? मीही नाही. पहाटे ती टोपली घेऊन फुलं वेचायला बसली आणि वॉचमनने तिला धरलं.

घरी आल्यावर तिने हात धुतले, चहा ठेवला. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल. ती फक्त म्हणाली, "मोहाखाली कचरा ठेवत नाई माय. मले का माहीत, ते पेरलेलं होय मनून."

मी म्हणाले, "जाऊ दे आई. इथल्या लोकांना समजत नाही." जनाची नाही तर मनाची तरी असावी, तर तीही नव्हती. मी कपडे बदलून ड्यूटीवर गेले.

नंतरचे पाच-सहा दिवस आई बदलली. हॉलमध्ये बसेना. टीव्ही लावला तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून पाहायची, कारण हॉलची खिडकी रस्त्यावर उघडते. समोरचं दार उघडायला जायची नाही. मला हे दिसत होतं. सोयीचं होतं म्हणून मी विचारलं नाही.

त्या गुरुवारी मी लवकर सुटून आले. घराला बाहेरून कडी. आई नाही. मागच्या अंगणात गेले तर शेजारच्या सी-अठराच्या मोरीतून भांड्यांचा आवाज आला. मधली भिंत कमरेएवढीच आहे. मी वाकून पाहिलं.

आई भांडी घासत होती. दुसऱ्याच्या घरची, करपलेली कढई, राखेने नाही, त्या हिरव्या घासणीने. गळ्यात निळी फीत आणि फितीला पास. पासावर तिचा फोटो, खाली हिंदीत 'घरेलू कामगार, सी-१७'.

शेजारीण दारात उभी होती. मला पाहून हसली. "अहो सिस्टर, चार दिवस झाले, आमची बाई गावाला गेलीय, म्हणून तुमच्या बाईला बोलावलं. काम फार स्वच्छ आहे हो हिचं. कुठून मिळाली?"

चार दिवस. माझी आई चार दिवस शेजारच्या घरी भांडी घासत होती आणि मी बाजूच्या घरात जेवत होते.

"ती माझी आई आहे," मी म्हणाले.

आईचा हात थांबला. शेजारणीचा चेहरा पडला, मग तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं? मी त्यांना मोरीत बसवलं असतं का? खुर्ची दिली असती, चहा दिला असता!"

ती मनापासून बोलत होती. वाईट बाई नाही ती. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे आई माझी निघाली म्हणून खुर्ची. नसती तर मोरी बरोबर होती. तिची रोजची बाई, जी गावाला गेली होती, तिला कधी चहा मिळाला असेल? मी तीन वर्षं या घरात इंजेक्शन द्यायला येत होते, सोफ्यावर बसून कपबशीत चहा पीत होते. स्वयंपाकघरात कुणीतरी वाकून ओटा पुसत असायची. ती मला कधी दिसली नाही. दिसली असेल, मी पाहिलं नाही.

मी भिंत ओलांडून आईच्या हातातली घासणी काढून घेतली. तिला उठवलं. गळ्यातली फीत काढायला गेले तर तिने माझा हात धरला.

घरात आल्यावर ती चिडली. पहिल्यांदा. "काऊन सांगतलीस?"

"म्हणजे? तू भांडी घासशील आणि मी..."

"तुया साहेबानं सांगतलन, पास पायजे. मंग काढलो. त्या बाईनं बलावलन. नाई मनलो असतो तं तिले समजलं असतं ना, मी कामवाली नाई मनून. मंग तू लबाड ठरतीस." ती दम घ्यायला थांबली. "आता तुले कोन इचारन इथं?"

मी तिच्या पायाशी बसले आणि ओक्साबोक्शी रडले. माझं एक 'हाँ' खरं ठरावं म्हणून ती चार दिवस कढया घासत होती. गेटवरून येताना गुडघ्यामुळे नव्हती मागे चालत. बाई मालकिणीच्या मागे चालते, तशी चालत होती. तिने माझं खोटं ऐकल्या क्षणापासून अंगावर घेतलं होतं. मी माफी मागितली. तिने डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली.

"मी जातो गावाले. राग नाई. पर इथं मले बसाले जागा नाई."

मी खूप सांगितलं. आता सगळ्यांना सांगते, म्हटलं. समोरच्या गेटातून हात धरून फिरवते, म्हटलं. ती म्हणाली, "मले फिरवून का करशीन?" मी तिला एसटीत बसवून आले. तिने खिडकीतून वळून पाहिलं नाही. राग नाही म्हणाली होती. असायला हवा होता.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. हातात शाल आणि पेढ्यांचा डबा. शेजारणीकडून बातमी पोचली होती, आणि मी गोंड आहे तेही आता कळलं होतं. कायदा काय म्हणतो हेही कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असणार, चोराच्या मनात चांदणं.

"सिस्टर, आपने बताया होता तो हम माताजी के पैर छूते. गलतफहमी हो गई. बात यहीं खतम करते हैं. माताजी को बुलाइए."

"माताजी चली गईं," मी म्हणाले. "और गलतफहमी नहीं हुई. आपने जिसको खड़ा किया, उसको बाई समझके ही खड़ा किया. बाई को भी क्यों खड़ा किया?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी डबा टीपॉयवर ठेवला. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला आणि दार उघडून उभी राहिले. जाताना म्हणाले, "सोच लीजिए. रहना तो यहीं है आपको."

हो. राहायचं इथेच आहे. घर विकून मी कुठेही जाणार नाही, हे त्यांनी नीट ऐकून घ्यावं.

सोमवारी सुट्टी टाकून मी पोलीस ठाण्यात गेले. सोबत ग्रुपवरचा फोटो, आई जाताना काढून ठेवून गेलेला तो पास, आणि मी स्वतः लिहिलेली तक्रार. ठाण्यातले हवालदार आमच्याच भागातले, वयस्क. त्यांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला. मग मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि आवाज खाली केला.

"मॅडम, हे बाकी सगळं ठीक आहे. पर हे वाक्य काहून लिहून राहिले? 'मला विचारले असता ती आमच्याकडे काम करते असे मी सांगितले.' हे काढा. समोरचा वकील हेच धरन. मनन, पोटच्या पोरीनंच बाई मनलं, तं आमच्या माणसाचा काय दोष? केस कमजोर होते. तुमचीच बदनामी."

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. त्यांनी पेनही काढला होता. एक रेघ मारायची, खाली सही करायची, की मी त्या सकाळच्या गोष्टीतून स्वच्छ बाहेर. मग मी नुसती अन्याय झालेली मुलगी. पेपरात आलं तरी बरं दिसेल. दवाखान्यातही मान राहील. आणि आई? तिलाही पटलं असतं, तिने तर माझं नाव राहावं म्हणून भांडी घासली होती.

पण गेटपाशी दोघांनी तिला उभं केलं होतं. एकाने टोपली उपडी करून आणि एकीने 'हाँ' म्हणून. एकाचं नाव कागदावर आणि दुसरीचं खोडायचं, हा न्याय मी आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेला पाहिला आहे.

"काका, ते वाक्य राहील," मी म्हणाले.

"बघा बरं. मागून पस्तावा होईन."

"केस हरली तरी राहील."

त्यांनी पेनचं टोपण लावलं, कागद माझ्याकडे सरकवला. मी त्या ओळीखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, पुढे जमात लिहिली, आणि सही केली.