पहिली माळ कासविंद्याची

तरवड ओळखायचा तर फुलाकडं बघू नये, असं मी यंदा नातसुनेला सांगितलं. ती बारामतीत वाढलेली. रस्त्याकडेचा काशीदच तिला तरवड वाटला होता. पिवळं काय, सगळंच पिवळं असतं. काशीद पिवळा, टाकळा पिवळा, कासविंदा पिवळा. एकाच घराण्यातली भावंडं ती, तोंडावळा सारखाच. वेगळेपण बघायचं ते देठाशी, शेंगेत आणि वासात. नातसून माझ्याकडं अशी बघत राहिली, जशी काही मी हे पोटातूनच शिकून आले. मी तिचा समज मोडला नाही. म्हातारपणी एवढी तरी शान असावी.

खरं सांगायचं तर माझं माहेर इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या पाण्यावरचं. चहूकडं ऊस. घटाला झेंडूची माळ, तीही परसातली. सासर मात्र सुप्याच्या अंगाला, सगळं जिरायत. तिथल्या पहिल्या नवरात्रात, घट बसायच्या सकाळी, सासूबाई म्हणाल्या, "माळरानावरनं तरवडाची फुलं आण. नणंदेला संगं घे, ती दाखवंल." सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे.

"त्यात काय दाखवायचं, आत्याबाई? शेतकऱ्याची लेक हाय मी."

तरवड मी जन्मात पाहिलेला नव्हता. अठरा वर्षांची होते, आणि अकलेची जागा सगळी जिभेनं अडवलेली होती.

माळरानापर्यंत जायचीही वेळ आली नाही. ओढ्याकाठीच कमरेएवढी झुडपं पिवळ्या फुलांनी भरलेली दिसली. देवीच पावली म्हणायची. ओचा भरून फुलं घेतली, खाली टाकळा होता त्याचीही चार तोडली, आणि शोभेला मधेमधे पानं घालून माळ ओवली. हाताला घाण वास येत होता. तो मी ओढ्याचा धरला.

आत्याबाईंनी माळ हातात घेतली, क्षणभर नाकाशी धरली, माझ्याकडं पाहिलं आणि घटावर टांगली.

आमच्याकडं परडीत काळी माती भरतात, तीत धान पेरतात आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवतात. त्यावर रोज एक माळ चढते. आधीची काढत नाहीत; नऊच्या नऊ टांगलेल्या राहतात. आणि धान कसं उगवतं त्यावर घरची माणसं रब्बीच्या ज्वारीचा अंदाज बांधतात. जिरायती घराला ज्वारी म्हणजे वर्षाची भाकरी.

संध्याकाळी देवीच्या देवळात गेले आणि पायाखालची जमीन सरकली. तिथल्या प्रत्येक माळेतलं फूल माझ्या फुलाहून मोठं, त्यातून लांब केसर बाहेर येऊन आकड्यासारखे वळलेले. म्हणजे मी आणलेलं ते भलतंच काहीतरी. आता घट उगवला नाही, तर पहिली माळ कुणी आणली होती हे सगळं घर विचारणार. आणि ती माळ तर तिथंच लोंबकळत राहणार, वासासकट.

दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं नणंदेच्या मागून माळरानावर गेले. ती तोडेल ते तोडलं. पण पहिल्या माळेचं काय करायचं? माहेरी मी एकच उपाय शिकले होते. पीक उगवेना, तर पाणी द्या. मग काय, दिव्यात तेल घालायच्या निमित्तानं जायचं आणि परडीत तांब्याभर ओतायचं. दोन दिवसांत परडीत भाताचं खाचर झालं. तिसऱ्या सकाळी पाण्याचा ओघळ मामंजींच्या पाटाखालून वाहिला. सुदैवानं ते स्नानाला गेले होते. मी पदरानं पुसत बसले होते, तेवढ्यात आत्याबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"हितं काय ऊस लावलाय व्हय?"

मी रडले. सगळं सांगून टाकलं.

"मला पहिल्याच दिवशी वास आला की."

"मग बोलला का न्हाई, आत्याबाई?"

"तू कुठं विचारलंस? शेतकऱ्याची लेक तू."

बोलता बोलता त्यांनी परडी जराशी कलती करून पाणी काढलं, घटाला धक्का न लावता वरचा चिखल उपसला, कोरडी माती घातली. मग पदराची गाठ सोडली. आत मूठभर भिजवलेली ज्वारी होती. म्हणजे माझं पाणी घालणं त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. ती ज्वारी आम्ही दोघींनी मिळून पेरली. "ह्यांच्या कानावर घालू नको," एवढंच म्हणाल्या.

दुपारी मला माळरानावर घेऊन गेल्या. वाटेत ओढ्याकाठचं एक पान हातात दिलं. "चुरगळ." तोच वास. "ह्यो कासविंदा. पानाला टोक, शेंग उभी. टाकळ्याला पानं सहा, शेंग दाभणासारखी." वर गेल्यावर तरवडाची वाळली शेंग काढून दाखवली, चपटी, कागदासारखी. मग एका पानाचा देठ धरला. देठाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना गोल पानं चिकटलेली होती.

"ह्ये तरवडाचं कान. फूल नसलं तरी ह्ये असत्यात. कासविंद्याला कान न्हाईत. नणंदेला संगं घे म्हनलं व्हतं, ऐकलंस?"

"न्हाई."

"मंग तू कासविंदाच."

दसऱ्याला घट उठवताना मामंजी वाकून बघत म्हणाले, "औंदा धान बुटकं आलंय."

"पेरणी मागं पडली की असंच व्हायचं," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींना वाटलं शेताचं बोलतायत. "व्हय, पेरण्या मागंच पडल्यात," म्हणून त्यांनी मान हलवली आणि धानाचा तुरा टोपीत खोवला. आत्याबाईंनी एक तुरा माझ्या कानामागं खोवला आणि कान जरा जास्तच ओढला.

"हायत की," म्हणाल्या.

त्या साली ज्वारी बरी झाली. नसती झाली, तर मी काय केलं असतं ते अजून ठरवायचं राहिलंय.