आजोबांच्या पानाला कोण बसलं?

आमच्या घरी केळीची पानं भरपूर होती. त्यांवर वाढायला काही नसे, एवढीच काय ती अडचण.

विरारजवळ बोळिंजला दुसऱ्याच्या वाडीत आमचं खोपटं. वडील आणि मोठे काका रहाट हाकायचे, झाडांना पाणी लावायचे, घड उतरवायचे. आई आणि काकी राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करायच्या. सुकेळी मालकाची, वास आमचा. सकाळी तांदळाची भाकर, दुपारी तीच, आणि रात्री भाकर का उरली नाही यावर चर्चा!

अशा घरातून मी मुंबईला कॉलेजात गेलो. वसतिगृहातली शहरी पोरं मला खाण्यापिण्याचे प्रश्न विचारायची आणि मी छाती काढून उत्तरं द्यायचो.

"काय रे, तुमच्याकडे न्याहारीला काय असतं?"

"सुकेळी. खाऊन खाऊन कंटाळा येतो."

"आणि सणावाराला?"

"सणाला पानात जागाच उरत नाही. खिरीची वाटी हातात धरून बसावं लागतं!"

विनायक आणि मधू या दोघांनी हे सगळं खरं मानलं. विनायक पुण्याकडचा, मासा त्याने चित्रातच पाहिलेला. मधू गिरगावातला; समोर येईल ते खाणारा.

घरी मात्र माझ्या शिक्षणाचं काही खरं नव्हतं. मी कॉलेजात गेलो त्याच वर्षी आजोबा वारले. नातवाने वाडीतच राहावं असं त्यांना वाटायचं, आणि ते गेल्यापासून सर्वपित्री अमावास्येला त्यांच्या पानाला कावळा शिवत नव्हता. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. (माझ्या मते त्या दिवशी कावळ्यांना पन्नास घरची आमंत्रणं असत. पण माझं मत विचारतो कोण?) तिसऱ्या वर्षी काकांनी निकाल देऊन टाकला.

"यंदा कावला नाय शिवला ना, त बाबांचा जीव तुज्यात अडकलाय असा समजायचा. पुस्तकां बांदून ठेव आनि रहाटावर ये!"

वडील बैलाला चारा टाकायला उठले. आई चुलीतला धूर डोळ्यांत गेल्यासारखं करत राहिली.

आजोबा चाळीस वर्षं दुपारचं जेवण रहाटाशेजारच्या दगडावर बसून जेवले, म्हणून त्यांचं पान तिथेच ठेवायचं. तीन हाका मारायच्या आणि मागे न बघता परतायचं. बघितलं तर पितर उपाशी उठतात! काकींनी पान वाढलं : वडे, अळूची भाजी, खीर, भाजलेले सुके बोंबील, मालकाकडून मागून आणलेली दोन सुकेळी, ताडीचा लोटा आणि एक विडी. घरातले सगळे सकाळपासून उपाशी. पान घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं.

भर दुपारी बारा वाजता वाडीत गेला आहात कधी? नका जाऊ. केळीचं एकही पान हलत नाही, पक्षी बोलत नाही, आणि हिरव्या अंधारात आपल्याच पावलांचा आवाज जरा उशिरा ऐकू येतो. मी पान दगडावर ठेवलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. "आजोबा, यावा!" अशा तीन हाका मारल्या आणि वळलो.

वीस पावलं गेलो असेन. बैल सुटलेला असताना रहाट एकदाच करकरला.

मग पान खसखसलं. मग लोटा दगडावर टेकल्याचा आवाज. मग कुडूम! कोणीतरी बोंबील चावला. कावळ्याला दात नसतात, हे मला तेव्हा फार प्रकर्षाने आठवलं!

मी तर्कशास्त्राचा विद्यार्थी. प्रत्येक कार्याला कारण असतं हे मला पाठ होतं. ते कारण पाहायला न थांबता मी धोतराचा सोगा तोंडात धरून धावत ओट्यावर आलो.

"शिवला का?" काकांनी विचारलं.

"कोणीतरी शिवलंय," मी म्हणालो.

तेवढ्यात वाडीतून विडीचा वास आला. काकींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. आणि थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं! आधी एक शिटी, मग दगड गडगडल्यासारखा आवाज.

"बाबा!" काका हात जोडून म्हणाले. "जेवल्यावर असंच घोरायचं!"

"कोनतरी बघून या," आई म्हणाली.

"हा शिकलेला हाय, हाच जाईल," काका म्हणाले. शिक्षणाचा आमच्या घराण्याने केलेला हा पहिला उपयोग.

रामनाम घेत मी परत गेलो. पान पुसल्यासारखं स्वच्छ. दगडापलीकडे केळीच्या बुंध्याशी मधू तोंड उघडं टाकून घोरत होता, आणि शेजारी विनायक सुकेळं चघळत बसला होता! दोघं माझा सण बघायला म्हणून विरार स्टेशनवरून मागच्या बांधाने चालत आले होते. भीती गेली आणि दुसरी भीती आली. यांना खरं सांगितलं तर मैत्री जाणार, घरी खरं सांगितलं तर कॉलेज!

"काय जेवण रे!" विनायक म्हणाला. "ताक तेवढं आंबट होतं."

"गाय चिंचेखाली बांधतो आम्ही."

"आणि त्या कडक, खारट शेंगा कसल्या?"

"बोंबलाच्या."

"झाडाला येतात?"

"दोरीला येतात. उन्हात."

"पण पान होतं कोणासाठी?"

"आजोबांसाठी."

"अरेरे! मग ते काय जेवणार?"

"त्यांचं जेवण हल्ली बंदच आहे."

"तसं म्हणालेच ते," विनायक म्हणाला.

मी रिकामं पान उचलायला वाकलो होतो, तसाच राहिलो. 

"कोण म्हणालं?"

"आजोबाच. इथे दगडावर बसले होते. हळूच म्हणाले, 'पोराचं दोस्त ना? बसा, जेवा. मना आता जेवन जात नाय.' आम्ही मान हलवून नको नको म्हणत होतो. शेवटी स्वतः विडी पेटवली आणि बोंबील मधूच्या हातात दिला. गोड म्हातारा. लाल टोपी, एका कानात सोन्याची बाळी."

आमच्या घराण्यात लाल टोपी एकच होती. ती आजोबांच्या डोक्यावरच चितेवर गेली.

"कुठे गेले?" मी विचारलं. आवाज माझाच होता बहुतेक.

"रहाटामागे. बोलाव ना, नमस्कार करून निघतो."

"झोपले असतील!" असं ओरडून मी मधूला उठवलं आणि दोघांना बांधाकडे ढकलायला लागलो. पण पोरं संस्कारी! बांधावर उभं राहून दोघांनी रहाटाकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. ओट्यावरून केळींच्या फटीतून घरच्यांना दिसल्या त्या दोन पांढऱ्या आकृत्या.

मी परत आलो तेव्हा सगळे ओट्यावर आडवे पडून नमस्कार घालत होते.

"दोघं होतं रं!" काका कुजबुजले. "एक बाबा. दुसरा कोन?"

"धाकटं मामंजी असतील, बाबांचं भाव," काकी म्हणाल्या. "ते पन बोलावल्याशिवाय जेवायला यायचं."

काकांनी डोळे पुसले. "बाबा पोटभर जेवलं. पोराला जाव दे कालेजात." आणि मग माझ्याकडे वळून, "तू पायलास ना बाबांना?"

"पान स्वच्छ झालंय," मी म्हणालो. खोटं बोललो नाही. खरं काय ते मलाच ठाऊक नव्हतं. वडील मात्र उठले आणि तीन वर्षांत प्रथमच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चल, जेवू." आणि आम्ही जेवलो.

विनायक आणि मधूला मी कधीच काही सांगितलं नाही. त्या म्हाताऱ्याबद्दल वाडीत कोणाला विचारलंही नाही. शेजारचा कोणी असेलही. विचारलं असतं आणि शेजारचा कोणी नसता, तर?

दोन वर्षांनी मी बी. ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर! काकांनी सगळं श्रेय आजोबांना दिलं. आजोबांना अक्षर ओळखीचं नव्हतं; आणि माझे मार्क पाहिल्यावर परीक्षेला तेच बसले असावेत, असं मलाही वाटू लागलं.