बारावा जोड

आखातात, सालमियातल्या त्या जुन्या इमारतीत आमिना सोलकरला सगळे क्रिकेटवाली म्हणून ओळखतात. आता तुम्हाला वाटेल, बाई खेळते की काय. अहो, कुठली खेळते! उभ्या आयुष्यात तिने एक मॅच धड बघितलेली नाही. ती धुते. नवऱ्याच्या टीमचे पांढरे कपडे दर शनिवारी सकाळी गच्चीवरच्या दोऱ्यांवर पडतात, आणि त्या दिवशी बाकीच्या बिऱ्हाडांनी आपापली धुणी घरात वाळवावीत असा कायदा तिने परस्पर करून टाकलेला आहे. लॉण्ड्रीत का देत नाहीस, असं कुणी विचारलं की तिचं डोकं फिरतं. एकदा दिले होते, तर लॉण्ड्रीवाल्याने निळ्या चादरींबरोबर धुतले आणि अख्खी टीम आकाशी रंगात खेळली. तेव्हापासून तिने त्या कपड्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागू दिलेला नाही.

टीमही काही हौशी पोरांची नव्हे. अम्गऱ्यात विजयकुमार शेठचं बांधकामाच्या सामानाचं यार्ड आहे, सिमेंट, सळ्या, ब्लॉक. शेठला क्रिकेटचं वेड. माणसं नोकरीला घ्यायचा तीच मुळी खेळ बघून. कागदावर कुणी स्टोअरकीपर, कुणी फोर्कलिफ्टवाला, पण व्हिसा निघाला तो ऑफस्पिनच्या जोरावर. लीग जिंकली की शेठ बोकड कापायचा, हरला की महिनाभर कुणाशी बोलायचा नाही. आमिनाचा नवरा हारून या टीमचा कॅप्टन आणि विकेटकीपर.

आणि टीमचा खरा जीव होता काशिफ, आमिनाचा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यावर दाभोळच्या घरात आमिनानेच त्याला वाढवला. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या घट्ट वाळूत तो बोलिंग शिकला, डाव्या हाताची, अंगावर येणारी. पोरगं लहानपणापासून हावरट. ताटात तळलेल्या माशाची शेवटची तुकडी राहिली की हा ओरडणार, "माझा!" तुकडीला माझा काय म्हणतोस, माझी म्हण, असं आमिना डाफरायची, पण त्याच्या तोंडी तेच बसलेलं. गाडीतली खिडकी माझा, उशी माझा. एकटी आमिना "सोड" म्हणाली की तो हातातली वस्तू सोडायचा, दुसऱ्या कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. पुढे मैदानात झेल उडाला की हीच आरोळी. तो "माझा!" म्हणाला की बाकीचे जागच्या जागी थांबत, कारण त्याच्या हातातून झेल सुटलेला कुणी बघितलाच नव्हता.

तोच काशिफ गेल्या ऑगस्टमध्ये कामावर जाताना रिंग रोडवर ट्रेलरखाली गेला. मय्यत विमानाने गावी पोचली. आमिनाला जाता आलं नाही, तिचा पासपोर्ट तेव्हा इकाम्याच्या, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याच्या, कामात अडकला होता. तो राहायचाही हिच्याच घरी. त्याचं सामान गेलं, पण क्रिकेटचे पांढरे कपडे तिच्या कपाटात राहिले.

ऑक्टोबरात सीझन सुरू झाला. गुरुवारी संध्याकाळी आमिनाने नेहमीसारखी बॅग भरली. अकरा जोड भरायचे होते, काशिफच्या जागी नवा पोरगा आला होता, त्याचेही होते. पण वर्षानुवर्षांचा हात तो, कपाटातला काशिफचा जोडही घडी करून त्यातच गेला. शुक्रवारी टीम हरली, बॅग घरी आली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की जोड बारा आहेत. आणि बारावा मळलेला आहे.

मळलेला म्हणजे नुसता धुळीने नव्हे. कॉलर घामाने ओली. गुडघ्यावर वाळू घासलेली. आणि मांडीवर लाल पट्टा. बोलर बॉल चकाकवायला पॅन्टवर घासतात त्याचा हा रंग, तो काढता काढता आमिनाच्या बोटांची सालटी निघत. पण बाकी सगळ्यांचा पट्टा उजव्या मांडीवर असतो. हा डाव्या मांडीवर होता, आणि टीममध्ये आता डावखुरा बोलर एकही नव्हता.

तिने हारूनला विचारलं, नव्या पोराने काशिफचे कपडे घातले का? हारून बूट काढायला खाली वाकला. मग म्हणाला, त्याचे कपडे बॅगेत होते हेच मला ठाऊक नाही, आणि उठून आंघोळीला गेला.

दुसऱ्या आठवड्यात तिने जोड मुद्दाम भरला. पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात बाईने काय करावं? सुई-दोरा घेतला आणि पॅन्टचे दोन्ही पाय खालून शिवून टाकले, शर्टाच्या बाह्याही. म्हटलं, कोण घालतं बघू. शुक्रवारी संध्याकाळी बॅग उघडली तर टाके जसेच्या तसे, एकही तुटलेला नाही. आणि डाव्या मांडीवर लाल पट्टा. तिने टाके उसवले तेव्हा पॅन्टच्या आतून मैदानावरची बारीक वाळू न्हाणीघरात सांडली.

तुम्ही-आम्ही असतो तर किंचाळलो असतो. आमिनाला आनंद झाला, खोटं कशाला बोला. तिने ती कॉलर नाकाशी धरली आणि पोटभर रडली. भावाची माती तिला मिळाली नव्हती, घाम मिळाला. मग दर शनिवारी गच्चीवर ती त्याचा जोड समुद्राकडच्या दोरीवर एकटा वाळत घालायची आणि त्याच्याशी घरगुती बोलत बसायची. एक गोष्ट मात्र तिच्या नजरेतून सुटली नव्हती. वारा सुटला की अकरा जोड फडफडायचे. बारावा हलायचा नाही.

इकडे टीम हरत होती. हरत होती म्हणजे नुसती नव्हे, धुळीला मिळत होती. बोलिंग बरी, बॅटिंग बरी, पण झेल म्हणून हातात राहत नव्हता. हारून घरी येऊन बूट काढायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. एका शुक्रवारी चहा घेताना त्याने सांगितलं. झेल उडाला की कोणीतरी ओरडतो, "माझा!" सगळे थांबतात. बॉल दोघांच्या मधोमध वाळूत पडतो. मग कोण ओरडला म्हणून भांडणं. टीममधला शैलेश म्हणतो मी नाही, दुसरा म्हणतो मी नाही, आणि आज दोघांनी एकमेकांच्या गळ्याला हात घातला.

आमिनाने विचारलं, "आवाज कुणाचा?"

"कुणाचा म्हणून सांगू," हारून म्हणाला आणि कप उचलून आत गेला.

आमिना तिथेच बसून राहिली. तिला कळायचं ते कळलं. हे तिचंच करणं होतं. तिनेच त्याला दर गुरुवारी घडी करून पाठवला होता. आणि तरीही, बघा माणसाचं मन, पुढच्या गुरुवारी तिने पुन्हा जोड भरला. त्याच्या पुढच्याही. टीम हरते तर हरू दे, एवढ्याशा खेळाने कुणाचं काय बिघडतंय, असं ती स्वतःला समजावत राहिली.

काय बिघडतंय ते मार्चमध्ये कळलं. विजयकुमार शेठने सगळ्यांना यार्डात उभं करून सांगितलं, शेवटची मॅच हरलात तर आपण तळाला. मग टीम बंद, आणि क्रिकेटसाठी घेतलेल्या कुणाचाच इकामा रिन्यू होणार नाही. आपापल्या गावची तिकिटं बघून ठेवा.

दोन दिवसांनी शैलेशची बायको रेखा आमिनाकडे आली. चिपळूणहून येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते, दिवस गेलेले होते, जाब्रियाच्या दवाखान्यात नाव घातलं होतं. ती रडली वगैरे नाही. एवढंच विचारलं की, भाभी, गावाहून आणलेला पाळणा अजून खोक्यातच आहे, तो उघडू की नको? रेखा गेल्यावर आमिना बराच वेळ दाराची कडी धरून उभी होती.

त्या गुरुवारी तिने काशिफचा जोड इस्त्री केला, कॉलरपासून पॅन्टच्या मोहरीपर्यंत, सावकाश. अकरा जोड बॅगेत भरले आणि चेन लावली. बारावा घेऊन ती गच्चीवर गेली. ऊन उतरत होतं, हवेत धूळ होती, समुद्र दिसत नव्हता. तिने जोड त्याच्या दोरीवर घातला, चिमटे लावले आणि लहानपणी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "काशिफ, सोड. आता त्यांचा हाय तो."

जोड हलला नाही. ती खाली आली.

शुक्रवारी हारून बॅग घेऊन गेल्यावर घर तिला खायला उठलं. दुपारी वारा सुटला, खिडक्या खडखडायला लागल्या. असरची, तिसऱ्या प्रहराची अजान झाली तशी ती न राहवून गच्चीवर गेली. डिशच्या तारा शिट्ट्या वाजवत होत्या. कुणाचीतरी उशीची खोळ उडून टाकीला चिकटली होती. एवढ्या वाऱ्यात तो जोड सरळ खाली लोंबत होता, बाह्या अंगालगत, सांगितल्यासारखा उभा. ती समोर बसली. तिला भीती वाटली, सगळ्या सीझनमध्ये पहिल्यांदा. आपण त्याला बाहेर ठेवलंय आणि तो रुसून आपल्याकडे बघतोय असं तिला वाटत राहिलं.

मग एकाएकी जोड फडफडला. एकदाच नव्हे, इतर धुण्यासारखा, वारा नेईल तसा, कसाही. एक चिमटा उडाला. आमिना उठून दोरीजवळ गेली आणि दोन्ही हातांनी शर्ट धरला, तर तो नुसता शर्ट होता.

अंधार पडायच्या आत खाली गाड्यांचे हॉर्न वाजले. शैलेश रस्त्यावर नाचत होता. टीम जिंकली होती. हारून वर आला आणि बॅग खांद्यावरून न उतरवता चपलांच्या कपाटावर बसला.

शेवटची ओव्हर, त्याने सांगितलं. बॉल उंच गेला, सरळ डोक्यावर, धुळीत दिसेना. शैलेश तिकडून धावत आला, मी इकडून. दोघेही थांबलो, सवयीने. आरोळीची वाट बघत.

"आणि आली," हारून म्हणाला. "'हारूनभाई, तुमचा!'"

मैदानात सगळे एकमेकांना 'तुझा!' म्हणतात, कॅप्टनलाही. बहिणीचा नवरा म्हणून त्याला तुमचा म्हणणारा एकच होता.

"मला पहिल्या मॅचपासून ठाऊक होतं गं," हारून म्हणाला. "तुला कळलं तर तुझं काय होईल म्हणून बोललो नाही."

"मग झेल का सोडत होतात? हात तर होते तुमचे."

हारूनने बॅग खाली ठेवली. "तो माझा म्हणाल्यावर मी कसा पुढे जाऊ? त्याच्या हातून कधी सुटला होता का? मी थांबायचो आणि बघायचो. दर वेळी वाटायचं, आता धरील."

एवढं बोलून तो कोलमडला, आणि आमिनाने त्याचं डोकं पोटाशी धरलं. खाली अजून हॉर्न वाजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अकरा जोड भिजत घातले. मग गच्चीवरून बारावा आणला, उजेडात धरून उलटासुलटा केला. कॉलर कोरी होती. डाव्या मांडीवर काही नव्हतं. नाकाशी धरला तर नुसत्या साबणाचा वास आला. तरी तिने तो वेगळ्या बादलीत बुडवला, साबण लावला, डावी मांडी घासघास घासली आणि पिळला. पाणी स्वच्छच राहिलं.