बेटकरांचं बेट आणि भाटाची पोथी

आमचे बाबा एकोणऐंशीव्या वर्षी कुलवृत्तांत लिहितायत, त्यामुळे घरात दुसरा विषय नाही. आडनाव बेटकर. अकरा वर्षं खपून त्यांनी नाशिकपासून बडोद्यापर्यंतचे बेटकर गोळा केले, वंशावळ जुळवली, छापखानाही ठरवला. अडलं होतं फक्त पहिलं पान. मूळ बेट कुठलं? बाबांच्या मते ते कोकणात, भर समुद्रात, शक्यतो तटबंदीसकट. माझे पणजोबा गोविंदराव आरमारात होते, असंही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आरमार आणि पणजोबा यांच्यात किमान शंभर वर्षांचं अंतर पडतं, असं मी एकदा बोलले आणि पुढचे दोन दिवस माझा चहा मलाच करून घ्यावा लागला.

अशात भंडारा जिल्ह्यातल्या पवनीहून फोन आला. प्रभाकर बेटकर, धानाची शेती.

"आमीबी बेटकरच जी. आमचा बेट इथं वैनगंगेत होता. भाटाच्या पोथीत सारं लिवून आहे."

बाबा फोन ठेवून म्हणाले, "नदीत कसलं आलंय बेट! छापायच्या आधी जाऊन हे खोडून येऊ." म्हणजे आमची सहल खोडण्यासाठी निघाली.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. नागपूरपर्यंत रेल्वे, तिथून उमरेड-भिवापूर मार्गे एसटी. आम्हाला पवनीला पोचायला तीन तासांच्या आत-बाहेर लागले. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आम्ही दोघं मिळून अर्ध्या माणसाच्या खर्चात गेलो. धान कापून झाल्यावर जा. हवा छान असते आणि भाट याच दिवसांत गावोगाव फिरतो. घराण्यांच्या वंशावळी त्याच्या पोथीत असतात. तो येतो, पिढ्या वाचून दाखवतो, नवी नावं चढवतो आणि सुपानं धान घेऊन पुढच्या गावाला जातो.

प्रभाकरभाऊंच्या आई, यमुनाकाकू, पंच्याऐंशीच्या. त्यांनी आम्हाला ताटावर बसवलं. भात, वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे. वडे इतके खमंग की मी मोजणं सोडून दिलं. बाबा मात्र कामावर होते.

"तुमच्या बेटावर तटबंदी होती का?"

"होती ना जी," काकू म्हणाल्या. "तुरीच्या तुराट्यांची. रानडुकरं नाई याव म्हनून."

"आणि माणसं काय करायची?"

"डांगरवाडी. रेतीत टरबूज लावत, डांगर लावत. दुसरं काय करनार बेटावर?"

बाबांनी पेनाचं टोपण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावरून डोंग्यानं बेट बघायला गेलो. लाकडी होडी, अरुंद, आणि बाबा त्यात आरमारी ताठपणानं उभे राहायला गेले. नावाड्यानं "बसा जी आजोबा, नाईतर चौघंबी जाऊ" म्हणून त्यांना खाली बसवलं. खालच्या अंगाला धरण झाल्यापासून बेट पाण्याखाली असतं. प्रभाकरभाऊंनी पाण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे तुमचं गाव." पाणी अगदी स्वच्छ होतं, वर दोन बगळे. अकरा वर्षं शोधलेल्या ठिकाणी उतरायलासुद्धा जागा नाही, याचं मला एकदम वाईट वाटलं. बाबा म्हणाले, "पुरावा काय?"

पुरावा सानगडीत होता. भाट तिथे मुक्कामाला होता, म्हणून प्रभाकरभाऊंनी जीप केली आणि घराण्यातलं सगळ्यात मोठं माणूस म्हणून काकूही निघाल्या. सानगडीच्या बाजारातून गरम भजी आणि जिलबी घ्यावी. आम्ही परतताना घेतली. आधी घेतली असती तर पुढचा प्रसंग इतका ताणला गेला नसता.

भाट सत्तरीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. लाल कापडातून त्यानं लांबट पोथी काढली आणि सुरात वाचायला लागला. "बेटकरांचा सोमा, सोमाचा महादू, महादूचे दोन, लक्ष्मण आनि गोविंदा..."

बाबांचा चेहरा पडला. आमच्या घरच्या तांब्याच्या हंड्यावर 'महादू सोमा बेटकर' असं कोरलेलं आहे. खोडायला आलेला माणूस जागच्या जागी सापडला होता.

भाट वाचतच होता. "लक्ष्मनाचा वंश पवनीले. गोविंदा डांगरवाडी सोडून रेल्वेच्या कामाले गेला. वंश नाई."

"वंश नाही?" बाबा उठून उभे राहिले. "मग मी कोण?"

"पोथीत तर तुमी नाई जी," भाट शांतपणे म्हणाला. "कोनी सांगाले आलंच नाई. पन्नास वर्सं वाट पायली आमच्या बापानं, मंग लिवून टाकलं."

ज्या नदीवाल्यांशी संबंध नाही हे सिद्ध करायला बाबा आठशे किलोमीटर आले होते, त्यांच्यातच घ्या म्हणून आता ते हमरीतुमरीवर आले. मोबाइलमधला हंड्याचा फोटो दाखवला. माझ्या आजोबांची, म्हणजे गोविंदाच्या मुलाची, रेल्वेतली थोरवी सांगितली. आरमाराचं नावही निघालं नाही. शेवटी काकूंनी निकाल दिला. "लिवा जी भाटबुवा. मी सांगतो, हे आमचेच होत. नाकावर रागच पाहा ना, आमच्या सासऱ्यावानी."

भाटानं 'वंश नाई' वर आडवी रेघ मारली आणि आजोबांचं, मग बाबांचं नाव लिहिलं. बाबांचे डोळे भरून आले होते. भाटानं विचारलं, "पोरं?"

"ही एकच. मेधा."

"पोरीचं नाव नवऱ्याच्या पोथीत जाते जी."

"हिनं लग्न केलेलं नाही."

"मंग वंश नाई लिवतो."

"काहीतरी काय!" बाबा कडाडले. "ही ढळढळीत समोर बसलीय! कसली पोथी ही? माणूस दिसत असून लिहीत नाही?"

भाट चिडला नाही. त्यानं बाबांच्या मांडीवरच्या कुलवृत्तांताच्या कच्च्या प्रतीकडे मान केली. "तुमच्या पोथीत कसं लिवलं, ते वाचा. तसंच लिवतो."

बाबांनी तावातावानं आमचं पान उघडलं आणि प्रत जवळ ओढून घेतली. मी वाकून पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या अक्षरात होतं, 'अपत्ये: कन्या एक.'

मला आधी हसू आलं, मग आलं नाही. अकरा वर्षं त्या कागदांचं टायपिंग मीच करत होते, आणि मलाही ते कधी खटकलं नव्हतं.

बाबांनी पेन काढलं, ते दोन शब्द खोडले, 'मेधा' लिहिलं आणि प्रत भाटापुढे धरली. भाटानं काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "तिचं लिवा. आनि मंग माह्या दोन पोरींचंबी लिवा. आता पोथी उघडलीच आहे तं." भाटानं चष्मा पुसला आणि तीन नावं लिहिली. धान दुप्पट घेतलं, ते त्याच्या हक्काचं होतं.

परत येताना साकोलीवरून आलो. महामार्ग असल्यानं गाड्या भरपूर मिळतात, तेव्हा तुम्हीही तोच रस्ता धरा.

घरी येऊन आता महिना झाला. छापखान्याला थांबायला सांगितलंय. पहिल्या पानावर 'वैनगंगा, डांगरवाडी' आलं आहे, आणि बाबा रोज सकाळी एकेका शाखेला फोन लावून मुलींची, सुनांची, आत्यांची नावं विचारतात. पलीकडून बहुतेकदा ऐकू येतं, "थांबा, हिला विचारतो."

काल त्यांनी स्वतःचं पान घेतलं. आपल्या आईचं नाव 'लक्ष्मी' लिहिलं आणि थांबले.

"हे तर सासरचं नाव," ते म्हणाले. "त्याआधी तिला काय म्हणायचे गं?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नाही. सांगू शकेल असं आता कुणीच उरलेलं नाही. त्यांनी नावापुढे कंस काढला, त्यात काहीच लिहिलं नाही, आणि ती जागा तशीच रिकामी छापायची असं मला टायपिंगसाठी बजावून सांगितलं.