डासांची गाडी

नव्वदच्या दशकात नेरूळला माझी सेकंडहँड गाडी मागून पांढराफेक धूर सोडू लागली. डास मारायची गाडी आली समजून सोसायटीतली पोरं मागे धावायची. तळमजल्यावरच्या काकू तर धूर घरात यावा म्हणून खिडक्या सताड उघडायच्या. माझं टाळकं फिरायचं.

शेवटी सारसोळ्याच्या मेकॅनिकने ऑइलची पट्टी ओढून दाखवली. ऑइलचा दुधाळ चहा झाला होता. "हेड गॅस्केट गेलंय, शेट. पानी सगलं इंजिनात जातंय."

त्याने इंजिनाचं हेड उतरवून नवं गॅस्केट बसवलं. धूर गायब! मी ऐटीत सोसायटीत शिरलो.

आठवड्याभरात काकू हातपाय खाजवत दारात उभ्या. "गाडी परस्पर दुरुस्त केलीत? मीटिंगमध्ये विचारायची पद्धत आहे की नाही?"